बारावीच्या मुलांना कॉलेज प्रवेशासाठी मदत करायची असेल तर

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एकच धांदल उडते. सेतू केंद्रापुढे रांग लागते, सायबर कॅफेत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स हातात घेऊन मुलं भेटेल त्या शिकलेल्या माणसाला विचारत सुटतात, ‘सर, आता कुठं फॉर्म भरू?’ खरं तर प्रवेशाची निम्मी कामं तोवर उरकलेली असायला हवीत. ज्या घरातून आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तिथं हे सांगणारं कुणी नसतं. अशा घरांतल्या हुशार मुलांच्या जागा जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या गुण कमी पडले म्हणून क्वचितच गेल्या. एक दाखला वेळेत आला नाही, पसंतीक्रम घाबरून भरला, ओटीपी भलत्याच मोबाइलवर गेला, अशी कारणं होती. यातलं प्रत्येक कारण आधी टाळता येतं.

हा लेख हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नुकतेच रुजू झालेले शिक्षक, अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, सुट्टीत गावी आलेली इंजिनिअरिंगची मुलं, वस्तीतल्या चार पोरांची ताई, असं कुणीही. उदाहरण मुख्यतः इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश प्रक्रियेचं घेतलं आहे, कारण तीच सर्वांत गुंतागुंतीची आहे. ती कळली की फार्मसी, कृषी, नर्सिंग, विधी यांची प्रक्रिया समजायला वेळ लागत नाही.

पहिली बैठक जूनमध्ये

बारावीचं वर्ष सुरू झालं की लगेच मुलांना घेऊन बसा. निकालाची वाट पाहू नका. प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्यावर स्वतः त्यालाच लिहू द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसं आहे, अक्षर न अक्षर. आधारवर कसं आहे. आईचं नाव दोन्हीकडे एकच आहे का. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि आधारवर एक तऱ्हा, गुणपत्रिकेवर दुसरी असं सर्रास सापडतं. जूनमध्ये सापडलं तर आधार केंद्रावर एका फेरीत दुरुस्त होतं. पुढच्या जूनमध्ये, अर्ज तपासणीच्या वेळी सापडलं, तर मूल आणि बाप दोघंही रडकुंडीला येतात.

त्याच पानावर प्रवर्ग, घरचं वार्षिक उत्पन्न, दहावी आणि बारावी कुठल्या जिल्ह्यातून, आणि वडिलांकडच्या नात्यात कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का, हेही लिहून घ्या.

आता मोबाइल. मुलाचा अर्ज भरताना कॅफेवाल्याचा किंवा शेजारच्या काकांचा नंबर टाकायची पद्धत अजून गेलेली नाही. पुढचे सगळे संदेश, पासवर्ड बदलाचे ओटीपी, अर्जात त्रुटी निघाल्याची सूचना त्याच नंबरवर जाते. तेव्हा घरातलं एक सिम असं ठरवा जे पुढचं दीड वर्ष बंद पडणार नाही आणि कुणी बाहेरगावी घेऊन जाणार नाही. ईमेल मुलाचा स्वतःचा हवा. पासवर्ड वहीत त्याच्याच हाताने लिहिलेला असू द्या. तुम्ही तो पाठ करून ठेवू नका, कुणी मागितला तर द्यायचा नाही हेही त्याला आत्ताच शिकवा.

कागदपत्रं : सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

नवीन माणूस आधी ‘कुठली ब्रँच चांगली’ यात शिरतो. मी सांगेन, पहिले तीन महिने फक्त कागदांना द्या.

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या तपासणी समित्या आहेत. विज्ञान शाखेच्या मुलांचा अर्ज त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो, सोबत प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. म्हणजे अकरावी-बारावीत असतानाच हे करायचं काम आहे. शक्य असेल तर अकरावीतच करा.

समिती पुरावा मागते तो जुना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद. बारावीतल्या मुलाला हे ऐकून धडकी भरते. त्याला सांगा, आजोबा किंवा पणजोबा कुठल्या शाळेत गेले होते ते आधी शोध. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बघता येते. जुने फेरफार, खरेदीखत, इनामपत्र यांतही जात लिहिलेली सापडते. काही नोंदी मोडीत असतात, त्या वाचून देणारे जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. मग वंशावळीचं शपथपत्र, म्हणजे नमुना ३, आणि कागदपत्रं खरी असल्याचं नमुना १७ चं शपथपत्र. वंशावळीत मुलापासून ज्याचा पुरावा जोडला त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक नाव जुळलं पाहिजे. उताऱ्यात ‘गणू’ आणि वंशावळीत ‘गणपत’ असेल तर तो एकच माणूस आहे हे शपथपत्रात लिहून टाका, अधिकाऱ्याने विचारायची वाट पाहू नका.

वडील, काका, चुलत भाऊ, आत्या यांच्यापैकी कुणाकडे वैधता असेल तर काम बरंच सोपं होतं. गंमत अशी की घरात ती असते आणि पोराला माहीत नसतं. काकांनी नोकरीसाठी कधी काळी काढलेली असते, पेटीत पडलेली असते. म्हणून पहिल्या बैठकीतच विचारायचं.

अर्ज केल्याची पावती चालेल, प्रमाणपत्र नंतर देता येईल अशी सवलत काही वर्षी शासनाने दिली आहे. तिच्यावर विसंबून राहू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर मुलाचा राखीव जागेवरचा हक्क जातो आणि तो खुल्या गुणवत्तेत धरला जातो.

नॉन-क्रिमीलेयरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा, दाखला अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकीच्या राखीव प्रवर्गांना लागतो. त्यावरची वैधतेची तारीख नीट वाचा. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी तो ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारा हवा. मागच्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी काढला होता, तोच चालेल, असं समजून मुलं गाफील राहतात. जेईई, नीट किंवा सीयूईटीच्या (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या) मार्गाने केंद्राच्या संस्थेत जायचं असेल तर ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकाचे) दाखले केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात लागतात. राज्याचा दाखला तिथं चालत नाही, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही. तेही आधी बघून घ्या.

बाकीचे कागद सोपे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दिव्यांग मुलासाठी यूडीआयडी कार्ड. पहिले दोन आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून निघतात, शाळा सोडल्याचा दाखला शाळा-कॉलेजातून आणि यूडीआयडी कार्ड केंद्राच्या वेगळ्या पोर्टलवरून. मार्चपासून पुढे सेतूत गर्दी वाढते, तेव्हा तिथलं काम दिवाळीच्या सुट्टीत उरका. फक्त उत्पन्नाचा दाखला नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, एप्रिलमध्ये, ताजा काढून ठेवा.

वाटा दाखवताना

आपल्याकडे विज्ञान घेतलेल्या मुलाला दोनच दारं दिसतात, नीट आणि इंजिनिअरिंग. तुमचं काम बाकीची दारं नुसती दाखवणं. कुठल्या दारातून जायचं ते मूल ठरवेल.

पीसीबीच्या, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्या, मुलीला सांगा की राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत, आणि त्यांत शेतीशिवाय अन्नतंत्रज्ञान, वनशास्त्र, उद्यानविद्या असे अभ्यासक्रम आहेत. मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला जाता येतं. पशुवैद्यकाला नीटचे गुण लागतात. रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलाला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं नाव सांगा, तिचं एक आवार जालन्यात आहे. मूळ विज्ञानात रस असलेल्यासाठी पुण्याला आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, तिची स्वतःची अभियोग्यता परीक्षा असते. कला शाखेतल्या मुलांकडे तर कुणीच लक्ष देत नाही. त्यांना तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबद्दल सांगा, २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटीतून दिल्लीपासून हैदराबादपर्यंतच्या केंद्रीय विद्यापीठांत जाता येतं हे सांगा. बंगळूरू आणि भोपाळला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, तिथं घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळते.

ज्याला बारावीचं गणित जड जातंय त्याला तंत्रनिकेतनाची वाट सांगायला संकोच करू नका. बारावी विज्ञाननंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वर्कशॉपमध्ये हात चालणारं पोर या वाटेने बारावीच्या धक्क्यातून सावरतं.

एक सूचना मात्र ठळकपणे द्या. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आहे. ‘बीसीए तर निकालानंतर असंच मिळतं’ या समजुतीवर बसलेली वाणिज्यची मुलं अजून भेटतात.

परीक्षेचे अर्ज

इथं चूक तारखेची होते, बाकी अवघड काही नाही. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात. राज्याच्या सीईटीचे हिवाळ्यात सुरू होतात. नीटचे फेब्रुवारीच्या सुमारास. ज्या काळात मुलं प्रात्यक्षिक परीक्षा आणि जर्नल पुरं करण्यात बुडालेली असतात, नेमक्या त्याच काळात मुदती संपतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून सीईटी कक्षाचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा स्वतः उघडून बघायचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विश्वास ठेवायचा नाही.

इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या सीईटीचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पेपर २०० गुणांचा. भौतिक आणि रसायनचे प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अभ्यासक्रम सुमारे २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत सीईटीचं पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते, मोजतात. बारावीला मात्र ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. हे मुलांना डिसेंबरमध्ये सांगा. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष करून ४२ टक्क्यांवर अडकलेल्या खुल्या वर्गातल्या मुलाला उत्तम पर्सेंटाइलसुद्धा उपयोगी पडत नाही.

अर्ज भरला की काम संपत नाही

निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची नोंदणी सुरू होते. कागदपत्रं अपलोड करायची आणि तपासणी ऑनलाइन करून घ्यायची की सुविधा केंद्रावर जाऊन, हे निवडायचं. जवळ केंद्र असेल तर पहिल्या वर्षी तरी मी मुलांना प्रत्यक्ष घेऊन जायला सांगेन. समोर बसलेला माणूस ‘हा दाखला वाचता येत नाही, पुन्हा स्कॅन करून आण’ असं तिथल्या तिथे सांगतो. ऑनलाइन तपासणीत तोच अर्ज त्रुटी काढून परत पाठवला जातो, आणि मूल ‘मी तर भरलाय’ म्हणून निर्धास्त असतं. दररोज एकदा लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा.

तात्पुरती गुणवत्ता यादी आली की मुलासोबत बसून त्याची ओळ वाचा. नाव, प्रवर्ग, ईडब्ल्यूएस किंवा शिक्षणशुल्क माफीची पात्रता, गृहविद्यापीठ, सगळं. हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर काही बदलत नाही.

गृहविद्यापीठाबद्दल गैरसमज फार आहेत. राज्यात दहावी-बारावी झालेल्या मुलाचं गृहविद्यापीठ त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. सोलापूर जिल्ह्यातलं पोर अकरावी-बारावीला लातूरला जाऊन राहिलं, तर ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीतलं धरलं जातं. संलग्न महाविद्यालयांत ७० टक्के जागा गृहविद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, त्यामुळे फरक मोठा पडतो. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे. तिकडे ओळखीचं कुणी असेल तर जरूर कळवा, कित्येकांना ते ठाऊक नसतं.

कटऑफ वाचायला शिकवा

मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या संकेतस्थळावर असतात. मुलं त्या उघडतात आणि जीओपीईएनएच, एलओबीसीओ असली अक्षरं बघून बंद करतात. एकदा उलगडून सांगा. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृहविद्यापीठ, ओ म्हणजे गृहविद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. खाली दोन आकडे असतात, गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. एका मुलीला एवढं सांगितल्यावर ती बोटाने ओळ धरून स्वतःच्या रकान्यापर्यंत पोहोचली. शेजारच्या रकान्यात मुलींच्या जागेचं पर्सेंटाइल खाली होतं ते तिने स्वतः शोधलं, आणि घाबरून वगळलेली दोन सरकारी महाविद्यालयं यादीत परत घातली.

दोन वर्षांचे कटऑफ बघा, आणि पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचेही. जागा पुढच्या फेऱ्यांत खाली सरकतात.

पसंतीक्रम : घाबरून भरायचा नाही

पर्याय अर्जात ३०० पर्यंत पर्याय देता येतात. बहुतेक मुलं दहा-बारा देऊन थांबतात, आणि त्यातही जे नक्की मिळेल ते सर्वांत वर टाकतात. ‘वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं पण जाईल’ अशी भीती असते. ती घालवणं हे तुमचं सर्वांत मोलाचं काम.

जागा कशी मिळते ते असं समजावून सांगा. संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेका मुलाकडे येतो. त्याची यादी वरून खाली वाचतो, आणि जिथं त्याच्या क्रमांकाला जागा शिल्लक आहे तिथं थांबतो. वरचे पाच पर्याय भरलेले निघाले, म्हणून सहाव्यावरचा हक्क कमी होत नाही. तुझ्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने तो सहावा पर्याय पहिल्या नंबरवर टाकला असला तरी जागा आधी तुला विचारली जाते. म्हणून क्रम लावायचा तो आवडीचा आणि परवडण्याचा. मिळण्याच्या शक्यतेने क्रम लावायचा नाही. शक्यता बघायची ती यादी पुरेशी लांब झाली का, शेवटी खात्रीची चार-पाच नावं आली का, एवढ्यासाठी.

आता याची दुसरी बाजू, आणि ती नीट समजून घ्या. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि बंधनही वाढलं. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना लागू, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. म्हणजे भीतीपोटी साधं कॉलेज वर टाकलं, ते पहिल्याच फेरीत मिळालं, की मूल तिथंच अडकलं. त्याहून चांगली जागा त्याच्या गुणांना मिळत असूनही. उलट, घरची फी भरायची तयारी नाही असं नावाजलेलं खासगी कॉलेज हौसेने वर टाकलं तरी हीच गत. वरचे सहा पर्याय घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येकाला विचारा, ‘हे मिळालं तर उद्या जाल ना?’ नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत येतात, ते फेरी सुरू होण्याआधी स्वतः वाचा.

शिक्षणशुल्क माफी योजनेच्या जागा पाच टक्के असतात, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. त्यांचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, चॉइस कोडच्या, म्हणजे कॉलेजच्या त्या शाखेला दिलेल्या क्रमांकाच्या, शेवटी टी असतो. साधा कोड टाकला आणि टीवाला राहिला, तर ती जागा मिळत नाही. एकाच कॉलेजच्या त्याच शाखेचा टीवाला कोड आधी, साधा त्याच्या खाली, असं ठेवा.

कॉलेज की शाखा, हा वाद घरोघरी होतो. माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या प्रयोगशाळा आणि टिकून राहिलेले प्राध्यापक असलेल्या सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयातली विद्युत, स्थापत्य किंवा यंत्र शाखा ही काल निघालेल्या कॉलेजातल्या चकचकीत नावाच्या संगणक शाखेपेक्षा गरीब घरातल्या मुलाला जास्त सुरक्षित आहे. फी कमी, वसतिगृह शक्य, आणि माजी विद्यार्थ्यांचा आधार मोठा. पण एखाद्या मुलाला प्रोग्रॅमिंगची खरी ओढ असेल तर त्याच्यावर माझं मत लादणार नाही.

अर्ज लॉक करण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्या. लॉक केल्याची प्रिंट वहीत लावा. जागा मिळाल्यावर एक हजार रुपयांचं जागा स्वीकृती शुल्क भरून ‘पक्की’ किंवा ‘सुधारणा हवी’ यातलं एक निवडायचं असतं. हे केलं नाही तर मिळालेली जागा जाते, आणि जागा मिळाली या आनंदात दोन दिवस निघून गेलेली मुलं दरवर्षी असतात.

पैशाचं बोलणं आधीच करा

घरच्यांना फीचा आकडा कळला की मूल गप्प बसतं. त्याआधी सवलती कागदावर मांडा. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते, तेव्हा कॉलेजने सांगितलेला आकडा ताडून बघता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या वर्गातल्या आठ लाखांखालच्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठं दार उघडलं. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ते नाही. वसतिगृह आणि खानावळ त्यात धरलेली नाही, हे आईवडिलांना आधीच सांगा.

राहण्यासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, जमातीच्या मुलांना स्वयम् योजनेतून खर्चाची रक्कम मिळते. इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

हे सगळे पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात जातात. एकाच मुलाची दोन-तीन खाती असतात, आणि पैसे पासबुकवाल्या खात्यात न येता ज्याला शेवटी आधार जोडलं त्यात जातात. बँकेत जाऊन विचारून घ्या, आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलं आहे.

निकालानंतर एजंटांचे फोन येऊ लागतात. ‘आमच्या कोट्यातून सीट पक्की, फक्त मूळ कागदपत्रं आणून द्या.’ मूळ कागदपत्रं कुणाच्याही हवाली करायची नाहीत. महाविद्यालयालाही ती तपासून परत द्यावी लागतात, अडकवून ठेवता येत नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ पासूनचा नियम आहे.

घरच्यांना सोबत घ्या

मुलीला बाहेरगावी पाठवायचं तर वडिलांना फी समजावून पुरत नाही, आईला जागा दाखवावी लागते. पर्याय भरण्याआधी एखादा दिवस काढून जवळचं एक तरी महाविद्यालय घरच्यांना दाखवून आणा. मी एका आईला मुलींच्या वसतिगृहात नेलं होतं. तिने खोलीची कडी आतून लावून पाहिली, न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, रेक्टरबाईंना विचारलं की पोर आजारी पडली तर रात्री कोण नेतं. उत्तर ऐकून म्हणाली, ‘भरा सर, हेच वर टाका.’ आधी महिनाभर मी तिच्याशी फी आणि नोकरी यावरच बोलत होतो.

वडिलांशी बोलताना मुलासमोर त्यांचा पाणउतारा होईल असं काही बोलू नका. ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. वंशावळ त्यांनाच माहीत असते, जमिनीचे कागद त्यांच्याकडेच असतात, आणि शेवटी फी तेच भरणार असतात.

प्रवेश झाल्यावर

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरला का, ते विचारा. आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं असतं, हेही. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि दुसऱ्या वर्षी अर्जच केला नाही म्हणून फी थकली, असं होतं.

मराठी माध्यमातल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं. वर्गात सगळं इंग्रजीत, आजूबाजूला शहरातली मुलं, खोलीत रडून झोपणं. दिवाळीच्या आधी एक फोन करा. अभ्यास कसा चाललाय हे विचारू नका, जेवण कसं आहे, खोलीत कोण आहे ते विचारा, बाकीचं ते आपणहून बोलतं. त्याच शाखेत वरच्या वर्गात तुमच्या तालुक्यातलं कुणी असेल तर दोघांची गाठ घालून द्या. जानेवारी-फेब्रुवारीत निकाल लागतो, एखादा गणिताचा पेपर राहतो, आणि मूल बॅग भरून घरी येतं. त्याला आधीच सांगून ठेवा की एटीकेटी म्हणून सोय असते, पुढच्या परीक्षेत तो विषय पुन्हा देता येतो, आणि पहिल्या वर्षी किती विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं ते महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारून घ्यायचं असतं.